पहिली चौकट

घर विकून परक्या देशात बेकरी थाटायची, म्हणून धाकट्या सुनेने तिथले नियम मुळापासून वाचले. "भाऊजी, आग लागली तर पळायला मागचं दार मोकळं लागतं," ती थोरल्या दिरांना म्हणाली.

"मग पिठाची पोती काय डोक्यावर घेऊ? दीडशहाणी!" म्हणत त्यांनी नेमकी तिथेच थप्पी लावली. परवान्याच्या अर्जात सगळ्यात वर 'जबाबदार व्यक्ती' ही चौकट होती. "थोरला मी, पहिलं नाव माझं," म्हणून तिथे सहीही त्यांनीच ठोकली.

महिन्याभराने तपासनीस आला. पोती बघून म्हणाला, "याला जबाबदार कोण?"

भाऊजींनी चटकन धाकटीकडे बोट दाखवलं. "ही! सगळे नियम हिनेच वाचलेत."


तपासनिसाने ते लिहून घेतलं, भाऊजींच्या सहीवर 'या व्यक्तीला धंदा करण्यास बंदी' असा शिक्का मारला आणि बेकरी पुढे चालवायला किल्ल्या नियम वाचणारीच्या हातात ठेवल्या.