डावी चाकं

मस्कतहून आलेले सुटे भाग जोडून विद्याधरने पार्ल्याच्या घरात रिमोटची मोटार बनवली होती. तो ती सरळच पळवायचा, तरी डावीकडची चाकं रोज झिजत होती. गोल गोल फिरवल्यावर झिजतात, तशी.

बायको आपल्या माघारी खेळते, असा त्याला संशय आला. तो सेल काढून ऑफिसला नेऊ लागला. झीज थांबली नाही.

"रविवारी दोघंही बाहेर जाऊ," पद्मजा चिडून म्हणाली. "कुलूप तुम्हीच लावा."

निघताना त्याने जमिनीवर रांगोळी भुरभुरली.

संध्याकाळी दार उघडलं, तर रांगोळीत चाकांची वर्तुळं होती. मधोमध अनवाणी पावलांचा एकच जोड, बोटं खिडकीकडे. येण्याजाण्याच्या खुणा नव्हत्या.

विद्याधरने खिशातले सेल चाचपले.

पद्मजाने त्याचा दंड धरला. "अहो, बोटं मघाशी खिडकीकडे होती ना?"