सतरावी ओळ

“ताई, तुमच्या घरोघरच्या सर्व्हेत शुगरचे नऊ पेशंट, आणि आमच्या गोळ्यांच्या रजिस्टरात एकतीस. खरं काय धरायचं?” दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

मी गोंधळले. गावची आशा सेविका म्हणून प्रत्येक दार मी स्वतः वाजवलं होतं. शेजारच्या गावचे लोकही गोळ्या नेत असतील, असं वाटून रजिस्टरातली नावं वाचू लागले. सगळी आमचीच माणसं. सतराव्या ओळीत माझ्या नवऱ्याचं नाव होतं, दोन वर्षांपासून.

आमच्या घराचा फॉर्म तेवढा मी कोणाला न विचारता भरला होता.

संध्याकाळी त्यांना चहा दिला आणि फॉर्म घेऊन समोर बसले. “घरात कोणाला शुगर आहे?”

“कोणाला नाही,” ते म्हणाले आणि माझ्या हातचा गोडमिट्ट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.