लॉगिनच्या पुढे

"पीएचपी? आजच्या काळात?" स्टार्टअप सेंटरचे सर एवढ्या जोरात हसले की शेजारच्या टेबलवरचेही वळून बघायला लागले. "अगं, लोक आता रस्टसारख्या नव्या भाषेत ॲप लिहितात. सगळं नव्याने लिहा, नाहीतर सेंटरमधलं हे टेबल सोडा."

मानसचा चेहरा पडला. शर्वाणीचा मात्र असा काही लाल झाला की विचारू नका! 'आज जेवायला नाही' असा मेसचा खाडा मोबाइलवरून कळवायचा, एवढंच तर त्यांचं ॲप. सरांच्या सांगण्यावरून दोघांनी ते आधीच दोनदा नव्या भाषेत लिहायला घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा गाडी लॉगिनच्या पुढे सरकलीच नव्हती. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तिने गुपचूप, तिला येत होतं त्या पीएचपीत, अख्खं ॲप उभं केलं.

"शर्वे, हो म्हण ना," मानस कुजबुजला. "टेबल गेलं तर बसायचं कुठे?"

"मेसमध्ये!" तिने लॅपटॉप खाडकन मिटला. "सर, सगळ्या पोरांचा खाडा कालपासून ह्याच ॲपवर येतोय. मी परत पहिल्यापासून लिहायला बसले, तर मेसच्या काकूंनी पोळ्या किती लाटायच्या ते कोण सांगणार, तुमचं रस्ट?"

"उद्या हजारो पोरं आली की कोसळेल हे."

"येऊ देत की हजारो! कोसळलं की तेव्हा बघू. मन्या, चार्जर घे."

मानसने चार्जर तर घेतलाच, वर टेबलावरची दोघांच्या नावाची पाटीही उचलली.