गुंडूचा घास

"अक्का एल्ली?" कारचं मागचं दार उघडून भाग्यानं आत डोकावत विचारलं. अक्का कुठंय?

तुंगाबाईंचा उतरता पाय थांबला. मागच्या सीटवर नुसता गुंडू कुत्रा पडला होता. सहा वर्षं या घराची किल्ली हातात देणाऱ्या भाग्याला कुणी कळवलंच नव्हतं, की तिची ही अक्का, तुंगाबाईंची लेक अन्विता, गेली. एकवीस दिवस झाले. बंगळूरला, स्कूटरवरून ऑफिसला जाताना.

रघूत्तमरावांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "येईल की. संध्याकाळच्या बसनं."

"दर वेळेसारखं, अल्वा? हो ना?"

"हूं. दर वेळेसारखं."

तुंगाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ते डिकीत डोकं घालून सामान काढत राहिले.

बेट्टदपुरच्या डोंगराखालचं, सुट्टीपुरतं भाड्यानं मिळणारं हे कौलारू घर अन्वितानंच हुडकलं होतं. इथं कुत्र्याला आत घेतात, ओसरीवर झोपू देतात. यंदाचे दोन दिवसही तिनंच ठरवून ठेवले होते. आईवडिलांनी म्हैसूरहून गुंडूला घेऊन पुढं यायचं, तिनं शनिवारी मागून. आता यायचं कारणच उरलं नव्हतं, पण गुंडूनं नऊ दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. बोगादीचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला होता, "सलाईनवर असा किती तग धरणार, अम्मा? त्याच्या आवडीच्या जागी नेऊन बघा. तिथंही नाही खाल्लं, तर मग आठवडा धरा."

निघताना शेजारच्या कृष्णवेणीबाई गेटातून म्हणाल्या होत्या, "तेराव्याला आठवडाच तर झालाय. ट्रिपला होय?"

तुंगाबाई गाडीत बसल्या. त्यांचा आवाज तसाही गेटापर्यंत पोचत नसे.

त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता. मुक्या जिवाच्या पोटात घास गेल्याशिवाय आपलं पान मांडायचं नाही. आधी दारची गाय होती, मग अन्वितानं ओढणीत गुंडाळून आणलेलं हे पिल्लू. म्हणजे नऊ दिवस त्याही दूध-केळ्यावर होत्या. रघूत्तमराव सांगून थकले, "अग, गल्लीतल्या गाईला चपाती घाल. देवाला चालतं."

"घरचा उपाशी ठेवून?" एवढंच त्या म्हणत.

दुपारी त्यांनी ओसरीवर केळीच्या पानात दहीभात कालवला, हात जोडले आणि पान गुंडूपुढं सरकवलं. त्यानं हुंगलं. मान वळवून पाय ताणून पडला. बरगड्या मोजता आल्या असत्या.

भाग्या पाण्याची घागर ठेवून त्याच्यापुढं उकिडवी बसली. दोन्ही कान धरून म्हणाली, "काय रे, रुसलास होय? अक्का बरतारे कणो! येतेय तुझी अक्का. बस्सनं. तिन्नो, खा."

गुंडूचे कान तिच्या हातात उभे राहिले. तो उठला. मागचे पाय लटपटले, तरी उभा राहिला. आणि खाली मान घालून खाऊ लागला. पान चाटून पुसून, वर आणखी मागत तुंगाबाईंच्या हाताला नाक लावलं.

"खाल्लं ग!" रघूत्तमरावांचा आवाज फुटला. डोळे पुसायचंही भान त्यांना नव्हतं. धडपडत आत जाऊन त्यांनी दुसरं पान आणलं, स्वतःच्या हातानं भात वाढला. "आता तू. बस. जेव."

तुंगाबाईंनी घास उचलला. तो वर जाईना.

"अहो, तो कशावर जेवला, कळलं का तुम्हाला?"

"जेवला ना? पोटात गेलं ना?"

"खोट्यावर जेवला."

"मग जा! सांग त्याला खरं!" एकवीस दिवसांत ते पहिल्यांदा ओरडले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तूच सांग. मला त्या भाग्यालासुद्धा सांगता आलं नाही."

तुंगाबाईंनी घास परत पानात ठेवला.

गुंडू मात्र तेव्हापासून फाटकाशी जाऊन बसला होता. हाक मारली की शेपूट हलवी, पण मान रस्त्याकडंच. येईनाच. साडेचारला तुंगाबाई उठल्या. निदान भाग्याला तरी सांगायला हवं होतं. स्वयंपाकघराच्या दारात त्या पोचल्या, तर भाग्या तव्यावर तांदळाची रोटी थापत होती.

"अक्कांना शेपू घातलेली आवडते ना, अम्मा?"

"आवडते," तुंगाबाई म्हणाल्या. आणि आल्या पावली मागं फिरल्या.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. गुंडू ताडकन उभा राहिला. कमरेपासून सगळा हलत होता. फाटकाच्या फटीतून निसटून तो रस्त्यावर पोचला.

"तुंगा, धर त्याला!" ओसरीवरून रघूत्तमराव ओरडले. "बसखाली येईल!"

त्या पदर खोचून धावल्या, दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला. बस पुढ्यात येऊन थांबली. एक म्हातारा नारळाचं पोतं घेऊन उतरला. एक बाई उतरली, कडेवर लेकरू. मग कुणीच नाही. कंडक्टरनं दारातून या बाईकडं आणि तिच्या हातातल्या कुत्र्याकडं पाहिलं. "चढणार का, अम्मा?"

तुंगाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडं गेला.

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज एवढा मोठा होता की ओसरीवर रघूत्तमरावांनाही ऐकू गेला. "थांबा हो. अजून एक जण उतरायचीय."

कंडक्टरनं मागं वळून बसमध्ये पाहिलं.