कूलंट जातं कुठे

काटा हलला नाही. रेडिएटरच्या तोंडाला काट्याचा छोटा हातपंप लावून मेकॅनिकने आत दाब भरला होता, आणि अर्ध्या तासानेही तो होता तिथेच होता. म्हणजे गळती नाही. तरीही इंजिन थंड ठेवणारं टाकीतलं कूलंट काल केलेल्या खुणेच्या बोटभर खाली होतं. त्याने काट्यावर टिचकी मारून पाहिली. काटा त्याच्याहून हट्टी निघाला.

गाडी मुलाची होती. मुलगा हिवाळ्यात गेला, साध्या तापाचं निमित्त होऊन. तेव्हापासून गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि मेकॅनिक पलंगावर आडवा होता. गॅरेज भागीदार सांभाळत होता. मेकॅनिकला दुःख होत नव्हतं, काहीच होत नव्हतं. भूक नाही, झोप नाही. कोणी बोललं तर ऐकू यायचं, पण आत पोचायचं नाही. नातेवाईक येऊन धीर देऊन गेले. तो धीरही बहुतेक चपलांजवळच राहिला.

मग एका सकाळी बायको गाडी पुसून आत आली. "अहो, त्याच्या गाडीतलं कूलंट कमी झालंय," ती म्हणाली. मुलगा सारखा बॉनेट उघडून टाकी बघायचा, ते बघून बघून तिलाही सवय लागली होती.

"असू दे," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने परत तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला तो उठला. उभ्या गाडीचं कूलंट आपोआप कमी व्हावं, हे जन्मभर इंजिनं उघडलेल्या माणसाला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्याने झाकण बदललं. पाइप बदलले. पाण्याचा पंप उतरवून परत बसवला. गाडीत आतून झिरपतंय का, म्हणून हीटरखालचं कार्पेट उचकटून हुंगलं. कूलंट आतल्या आत जळत असेल तर धूर पांढरा येतो, म्हणून गाडी चालू करून सायलेन्सरमागे उकिडवा बसला. धूर अगदी सभ्य होता. रोज टाकी खुणेपर्यंत भरायची आणि रोज सकाळी ती बोटभर रिकामी.

पण काम म्हटल्यावर हात काळे झाले, हात काळे झाल्यावर अंघोळ आली, आणि अंघोळीनंतर कसेबसे दोन घास पोटात जाऊ लागले. त्यात आनंद नव्हता. बधिरपणा तसाच होता, फक्त आता तो दोन पायांवर उभा होता.

काटा हलला नाही त्या दुपारी जेवताना तो म्हणाला, "एवढा एक फॉल्ट सापडू दे. गाडी विकून टाकतो, गॅरेज भागीदाराच्या नावावर करतो. मग मी मोकळा."

"मोकळा म्हणजे?" बायकोने विचारलं.

तो ताटात हात धुऊन उठला. तिचा घास हातातच राहिला.

जेवण झाल्यावर ती बाजारात गेली. तेवढ्यात त्याने शेवटचा उपाय म्हणून टाकीत रंग मिसळला. गॅरेजमधली ही नेहमीची युक्ती. साध्या उजेडात या रंगाचा पत्ता लागत नाही, पण निळा दिवा मारला की कूलंट जिथे जिथे लागलं असेल ती जागा हिरवीगार चमकते. साबणाने घासलं तरी तो लवकर जात नाही.

सकाळी त्याने शेडचं दार लोटून अंधार केला आणि दिवा लावला. रेडिएटर, पाइपांचे सांधे, पंप, गाडीखालची फरशी. सगळं काळं. फक्त टाकीच्या झाकणावर बोटाएवढा एक हिरवा डाग होता. आपलाच असेल, म्हणून त्याने स्वतःच्या हातांवर दिवा धरला. पण काल त्याने हातमोजे घातले होते. हात स्वच्छ होते.

"चहा आणलाय," बायको म्हणाली. ती आत आली आणि दार तिच्यामागे आपसूक लोटलं गेलं. तो दिवा हातात धरूनच वळला.

कपाभोवतीची तिची बोटं चमकत होती. नखांच्या कडा हिरव्यागार होत्या.

गॅरेजमध्ये अशी तक्रार घेऊन कोणीही आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: गाडीला घरातलं आणखी कोण हात लावतं? स्वतःच्या घरात तो विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

तिने बोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मुलगा गेल्यापासून ती त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. तो उठायच्या आधी उठून ती रोज टाकीतलं बोटभर कूलंट का काढत होती आणि कोणासाठी, हे त्याला लख्ख कळलं. त्याच्या छातीत दुखलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं.

"सापडला का फॉल्ट?" तिने विचारलं.

त्याने दिवा बंद केला. अंधारात चाचपडत तिच्या हातातली कपबशी घेतली.

"नाही गं," तो म्हणाला. "उद्या परत बघावं लागेल."