परवडणारं नेट

कमाईच्या मानाने कुठल्या देशात घरचं नेट किती महाग पडतं, हे मोजणारे साहेब जीप करून थेट मोलगीच्या वरच्या पाड्यात आले. सरपंच नवलसिंगला वाटलं, आता नेटची लाइन आलीच. पोरीला निकाल बघायलाही डोंगर उतरावा लागायचा, ते संपलं.

साहेबांनी दारोदार विचारलं, "नेटवर महिन्याला किती जातात?"

दारोदार उत्तर आलं, "काहीच नाही." साहेबांचा चेहरा खुलतच गेला.

पुढच्या बाजारात नवलसिंगने त्यांना गाठलं. "साहेब, लाइन कधी टाकतोस?"

"लाइन कशाला? जगात सगळ्यात स्वस्त नेट तुमच्याच पाड्यात निघालं! अमेरिका, जपान सगळे मागे! सत्कार ठेवलाय तुमचा."

"कुठे येऊ?"

 

"कुठेच नको. ऑनलाइन आहे, घरूनच जॉइन व्हा."