मोकळी घरं

ड्रोन हा शब्द कानावर यायच्या आधीची गोष्ट. पोलादपूरच्या डोंगरावरल्या वाडीत विनोद सर्वेक्षणासाठी रिमोटवर उडणारं, कॅमेरा लावलेलं हेलिकॉप्टर घेऊन आला. परवान्याची अट कडक होती: ते उडताना खाली माणूस नको.

“घर मोकळं सोडत नाय आमी,” म्हातारी बनुबाई काकुळतीला आली. “एक तरी माणूस मागं ठेवतो.”

विनोदने ऐकलं नाही. झाडून सगळ्यांना त्याने माळावर आणलं.

हेलिकॉप्टर उतरल्यावर त्याने लॅपटॉपवर फोटो उघडले. प्रत्येक अंगणात कुणी ना कुणी मान वर करून उभं होतं.

त्याने चमकून मागे पाहिलं. सगळी वाडी माळावरच होती.

समोर घराघरांतून चुलींचा धूर निघू लागला.

“आता सांग रे,” बनुबाई म्हणाली, “आमी कुठं जायाचं?”